बदलाची किंमत कोण मोजतो

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या जिगाव धरण प्रकल्पाला पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली त्या काळात संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोद या तालुक्यांत ज्यांची लग्ने झाली, त्यांची मुले आता पुण्यात हिंजवडीला बसून दर पंधरवड्याला कुठल्यातरी ॲपची नवी आवृत्ती बाहेर काढतात. आईवडील अजून पूर्णेच्या पाण्याची वाट पाहत आहेत. एकाच घरात कामाची ही दोन टोके नांदतात. एका टोकाला आराखडा पिढीभर पुरतो, दुसऱ्या टोकाला चौदा दिवसांपुढचा आराखडा कोणी मागत नाही. मुलगा सुट्टीवर आला की बापाला विचारतो, एवढी वर्षे लागतातच कशी? बाप विचारतो, दर पंधरा दिवसांनी बदलायचेच असते तर आधी नीट करत का नाहीत? दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, आणि पुढची प्रकरणे या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या टोकांना पारंपरिक पद्धत आणि ॲजाइल पद्धत म्हणतात. दोन्हींची हत्यारे, तक्ते, बैठका, भूमिका यांचा तपशील पुढे येईलच. प्रस्तावनेत मला फक्त ही तुलना कुठे उभे राहून करायची ते ठरवायचे आहे. बहुतेक पुस्तके ती सॉफ्टवेअर कंपनीच्या काचेच्या खोलीतून करतात, त्यामुळे एक पद्धत तरुण आणि दुसरी म्हातारी दिसते. संग्रामपूर तालुक्याच्या बांधावरून पाहिले की चित्र बदलते. इथे दोन्ही पद्धतींचे प्रकल्प एकाच शिवारात येऊन पडले आहेत आणि दोन्हींचे भले-बुरे एकाच सातबाऱ्यावर उमटले आहे.

तालुक्याची रचनाच अशी की एक आराखडा सगळीकडे चालत नाही. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य. पायथ्याला सोनाळा, टुनकी, तिथे संत्र्याच्या बागा. तिथून दक्षिणेला पातुर्ड्याकडे, पूर्णेच्या दिशेने उतरत गेले की खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेला हा गाळाचा पट्टा आहे. माती काळी, खोल, चिकण आणि सोडियमने भरलेली. पाऊस लागला की शेतात पाय टाकता येत नाही, उघडीप पडली की हात जाईल एवढ्या भेगा. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते ना धड पिण्याचे ना ओलिताचे. या पट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा जिल्ह्याबाहेरही पोचली आहे. म्हणून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांना वान धरणाचे पाणी नळाने देण्याची योजना आखावी लागली. गोडे पाणी बाहेरून आणावे लागते, आणि बाहेरून आणायचे म्हटले की मोठा प्रकल्प आला.

आता पारंपरिक पद्धत म्हणजे काय ते जलसंपदा विभागाच्या एखाद्या उपविभागीय कार्यालयात जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्या पुस्तकात दिसत नाही. आधी सर्वेक्षण, मग संकल्पचित्र, मग दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक. त्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम सुरू झाले की मोजमाप पुस्तकात नोंद, नोंदीवर बिल. एक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची चढायची नाही, आणि चढलेली पायरी उतरायची झाली तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. या विचाराला जगभर शंभर वर्षांचा इतिहास आहे. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले. १९५७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी क्रिटिकल पाथची रीत घडली, १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट हे तंत्र आणले. सगळ्यांचा गाभा एक: कोणते काम कोणत्या कामाच्या आधी झालेच पाहिजे हे शोधा, आणि ज्या साखळीतला एक दिवस हुकला की अख्खा प्रकल्प एक दिवस हुकतो तिच्यावर डोळा ठेवा.

हा गाभा कागदी वाटत असेल तर धरणाची घळभरणी आठवावी. नदीचे पात्र अडवून धरणाचा शेवटचा तुकडा जोडायचा तो दोन पावसाळ्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत. त्याआधी सांडवा पाणी सोडायला तयार हवा, आणि सांडव्याच्याही आधी वरची गावे उठून नव्या जागी बसलेली हवीत, कारण घळ भरली की पुढच्या पावसाळ्यात पाणी गावात येणार. इथे एक महिना हुकला तर महिना जात नाही, वर्ष जाते. दर पंधरवड्याला शिकत शिकत पुढे जाऊ, असे म्हणण्याची सोय नदी देत नाही. आणि गंमत अशी की या साखळीतली सगळ्यात नाजूक कडी काँक्रीटची किंवा दरवाजांची नसते. ती पुनर्वसनाची असते, आणि अंदाजपत्रकात नेमकी तिचीच किंमत सुरुवातीला कमी धरलेली असते.

जिगावचे तसेच झाले. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर आठ किलोमीटरहून लांब मातीचे धरण, त्यातून उपसा सिंचन योजनांनी सुमारे १ लाख हेक्टरला पाणी, लाभक्षेत्रात संग्रामपूरची गावेही. बुडितात ४० च्या वर गावे, काही पूर्ण, काही अंशतः. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मान्यता मिळाली तेव्हा किंमत ४०० कोटींच्या आत होती. २००९ च्या सुधारित मान्यतेत ती ४,००० कोटींच्या वर गेली आणि त्यानंतरच्या दशकात १३,००० कोटींच्याही पुढे. ज्याला विभागात ‘सुप्रमा’ म्हणतात त्या सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावात वाढीची कारणे ठरलेल्या मथळ्यांखाली लिहिलेली असतात: दरसूचीतील वाढ, भूसंपादनाच्या खर्चातील वाढ, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, तोही त्यात आला. तो वाढायलाच हवा होता.

या मथळ्यांकडे नीट पाहिले तर ॲजाइलवाले ज्याला बदलाचे स्वागत म्हणतात तो बदल इथेही भरपूर होता. आराखडा दगडावर कोरलेला होता म्हणून जिगाव रखडले, असे म्हणता येत नाही. आराखडा सतत बदलत होता. फरक इतकाच की तो पाच-दहा वर्षांच्या गठ्ठ्याने बदलला, मुंबई-नागपूरच्या टेबलांवर बदलला आणि बदलाची किंमत मोजणारा माणूस त्या टेबलाजवळ नव्हता. पारंपरिक पद्धतीत व्याप्ती पक्की असते आणि वेळ व पैसा यांचा अंदाज असतो. इथे व्याप्ती पक्की राहिली, कधी वाढली, आणि वेळ व पैसा हे दोन्ही दोर सुटले. बेंट फ्लुव्हबर्ग हे डेन्मार्कचे अभ्यासक जगभरच्या मोठ्या प्रकल्पांची आकडेवारी गोळा करतात, त्यांच्याही हाती हेच लागले आहे. मोठी कामे अंदाजात बसणे हा अपवाद आहे. त्यांचा सल्ला असा की विचाराला हवा तेवढा वेळ द्या, पण एकदा जमिनीला हात लावला की झपाट्याने उरका. आपल्याकडे नेमके उलटे होते. भूमिपूजनाची घाई, मग पंचवीस वर्षांचा निवांतपणा.

ॲजाइलचा जन्म या मोठ्या कामांच्या त्रासातून झाला नाही, सॉफ्टवेअरच्या त्रासातून झाला. सॉफ्टवेअरमध्ये दगडमाती नसते, तरी सुरुवातीची काही दशके ते धरणासारखेच बांधले गेले: आधी गरजांचा जाडजूड दस्तऐवज, मग संकल्पन, मग लेखन, शेवटी चाचणी. या क्रमाला पुढे वॉटरफॉल हे नाव चिकटले. विन्स्टन रॉइसच्या १९७० च्या निबंधातली आकृती त्याचा उगम मानली जाते, आणि मौज म्हणजे त्याच निबंधात रॉइसने स्वतः सांगितले होते की हे असेच सरळ करायला गेलात तर धोका आहे, मागे वळावे लागेल. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडून दिला. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी नव्या वस्तू झपाट्याने घडवणाऱ्या कंपन्यांवर लिहिले, आणि एकमेकांना चेंडू देत एकत्र पुढे सरकणाऱ्या रग्बीच्या संघाची उपमा दिली. तिच्यातूनच पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांच्या स्क्रम या पद्धतीला नाव मिळाले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी १७ जण जमले आणि एका पानाचा जाहीरनामा लिहून उठले. त्याचे सार: प्रक्रियेपेक्षा माणसे, कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू, कराराच्या वाटाघाटीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, आराखडा पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. दुसऱ्या बाजूलाही किंमत आहे, असे त्यांनी तिथेच लिहून ठेवले होते. रॉइसच्या इशाऱ्याचे झाले तेच या वाक्याचेही झाले.

ॲजाइलची खरी युक्ती त्या चार ओळींपेक्षा हिशेबात आहे. पारंपरिक पद्धत व्याप्ती बांधते आणि वेळ सोडते. ॲजाइल वेळ आणि माणसे बांधते आणि व्याप्ती सोडते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट दोन आठवड्यांनी संपणारच, त्यात जे बसेल ते झाले, उरले ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत. दर वेळी काहीतरी चालते हाती पडते, ते वापरणाऱ्याला दाखवायचे, त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजायच्या आणि पुढचे ठरवायचे. यातला गृहीत धरलेला भाग असा की कालचे चुकलेले आज पुसता येते आणि पुसायला फारसे लागत नाही. हिंजवडीत हे बहुतेक वेळा खरे असते.

संग्रामपूरच्या बांधावर ते कितपत खरे आहे, याचे उत्तर ई-पीक पाहणीत मिळते. पूर्वी तलाठी सातबाऱ्याच्या बारा नंबरमध्ये पिकांची नोंद करायचा, कधी शेतात जाऊन, कधी चावडीत बसून. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करायची असे ठरले. खरोखर चांगली कल्पना. पण पहिल्या आवृत्तीत अडचणी निघाल्या, तशा निघतातच, आणि २०२२ च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली. तिच्यात बऱ्याच गोष्टी ऐकून केलेल्या दिसतात: गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती लांब उभे आहोत ते ॲप सांगू लागले, चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली, शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने फक्त १० टक्के नोंदी तपासायच्या असे झाले. वापरणाऱ्याकडून शिकून सुधारणे याचे सरकारी कामातले हे चांगले उदाहरण आहे. मी ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. आवृत्ती बदलली की पुन्हा शिकायचे कोणी? खारपाणपट्ट्यातल्या चिखलात, रेंज पकडत, साठीच्या शेतकऱ्याने. नोंद राहिली तर हमीभावाच्या खरेदीत, नुकसानीच्या मदतीत अडचण कोणाला? त्यालाच. ॲप घडवणाऱ्या टीमसाठी ती बॅकलॉगमधली एक ओळ असते, शेतकऱ्यासाठी तो हंगाम असतो. ॲपच्या बाजूने पाहिले तर चूक स्वस्त, शेताच्या बाजूने पाहिले तर महाग. सॉफ्टवेअरच्या कंपनीत ग्राहक पैसे देत असतो, न आवडल्यास दुसरीकडे जातो, म्हणून त्याच्या कपाळावरच्या आठ्यांना वजन असते. सरकारी ॲपच्या वापरकर्त्याला दुसरीकडे जायची सोय नाही. त्यामुळे तिथे ॲजाइल आणायची तर जुनी वाटही काही काळ उघडी ठेवावी लागते, म्हणजे पाटलाच्या पोराच्या फोनवर अवलंबून नसलेली नोंदीची सोय, आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या खात्यात धरावा लागतो.

माझ्या मते या दोन पद्धतींची तुलना करताना पहिला प्रश्न हाच असावा: निर्णय चुकला तर परत फिरायला किती लागते, आणि ते कोणाच्या खिशातून जाते? चपळ की शिस्तबद्ध, नवे की जुने, हे प्रश्न त्यानंतरचे.

शेतकऱ्याला हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही. मृगाचा पाऊस किती पडला की पेरायचे, याचा हिशेब तो दर वर्षी नव्याने मांडतो. कृषी खात्याचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ ठेवू नका. तरी काही जण कपाशीची धूळपेरणी करतात, कारण पाऊस वेळेवर आला तर पंधरा दिवसांची आघाडी मिळते. सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकतात, म्हणजे एक गेले तर दुसरे हाती राहते. पण त्याचा लवचीकपणाही फुकट नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाणे दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, आणि पीककर्ज मात्र एकदाच. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जो पूर आला त्यात मातीच खरडून गेली. तिथे दुबारही करता येईना. दर पंधरा दिवसांनी नव्याने ठरवणे ही ज्याच्या गाठीला काही आहे त्याची चैन आहे. गाठीला काही नसलेला माणूस एकच डाव खेळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो कार्यालयांत फार पसरला आहे. काम लहान तुकड्यांत केले की ते ॲजाइल झाले, असे समजतात. जलयुक्त शिवार अभियानात डिसेंबर २०१४ पासून दर वर्षी ५,००० गावे हे उद्दिष्ट ठेवून नालाखोलीकरण, बांधबंदिस्ती, सिमेंट बंधारे अशी हजारो लहान कामे झाली. गावाला दिसणारी, लवकर पुरी होणारी, लोकवर्गणीने बळ दिलेली. पण २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने ९,६०० कोटींहून अधिक खर्च झालेल्या या अभियानाबद्दल लिहिले की गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यावर त्याचा परिणाम अल्पच झाला. त्यावर राजकीय वाद भरपूर झाला, त्यात मी पडत नाही. मला दिसते ते असे की तुकडे लहान होते, पण पहिल्या वर्षीच्या गावांत भूजल वाढले की नाही हे मोजून दुसऱ्या वर्षीच्या गावांचा आराखडा बदलण्याची जागा त्यात फारशी नव्हती. उद्दिष्ट गावांच्या संख्येचे होते, शिकण्याचे नव्हते. तीच गोष्ट पुण्याच्या कंपन्यांत दिसते. रोज सकाळी स्टँडअप, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि व्याप्ती व डेडलाइन मात्र विक्रीवाल्याने सहा महिन्यांपूर्वीच क्लायंटला लिहून दिलेली. ते दोन-दोन आठवड्यांत चिरलेले वॉटरफॉलच असते, फक्त बैठका वाढलेल्या.

आणि मोठे काम आहे म्हणून ॲजाइलची वृत्ती तिथे चालत नाही, हेही खरे नाही. कोकण रेल्वे पाहा. रोहा ते मंगळूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपासची वाट, १९९० मध्ये महामंडळ झाले, २६ जानेवारी १९९८ ला सलग मार्ग खुला झाला. मार्ग, मानके, अंतिम तारीख हे पक्के. ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उलटी मोजणारी घड्याळे लावली होती, म्हणजे शिस्त पारंपरिकच. पण डोंगराच्या पोटात काय निघेल ते आधी कोणालाच माहीत नव्हते. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात लिबलिबीत माती लागली, खोदलेले ढासळत होते. तिथे पद्धत जागेवर बदलत गेली, कारण जागेवरच्या अभियंत्याला निर्णयाचा अधिकार दिला होता. बाहेरची चौकट घट्ट आणि आतला निर्णय मोकळा, हा त्यांचा मेळ होता.

तो मेळ जलसंपदा विभागात का बसला नाही? सोपे उत्तर आहे, साहेब लोक अडाणी. ते चूक आहे. शाखा अभियंत्याला जागेवर दिसत असते की चर इथून नको, तिथून हवा. पण त्याने स्वतःच्या अधिकारात तो हलवला तर पाच वर्षांनी लेखापरीक्षणात त्याच्यावर परिच्छेद निघतो. म्हणून तो प्रस्ताव पाठवतो आणि वाट पाहतो. ही भीती हवेतून आलेली नाही. २०१२ मध्ये राज्याला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमावे लागले, ते बऱ्याच अंशी व्याप्तीतल्या आणि किमतीतल्या बदलांवरून. सार्वजनिक पैशाच्या कामात बदल ही वाट पैसा मुरण्याचीही असते. पारंपरिक पद्धतीतले अर्धे कागद हे नियोजनासाठी नसून अविश्वासासाठी असतात. ॲजाइल विश्वास गृहीत धरते. जिथे विश्वास नाही तिथे ती नुसती आणून चालत नाही, आधी बदल सगळ्यांना दिसेल अशी सोय करावी लागते: काय बदलले, कोणी बदलले, कशामुळे, किती रुपयांनी. कंत्राटांवरचे प्रकरण याच कारणाने मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते आणि बहुतेक वाचक नेमके तेच चाळून पुढे जातील, अशी शंकाही आहे.

मधली वाट नुसती कल्पनेत नाही. जागतिक बँकेच्या कर्जाने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलढाण्यासह १५ जिल्ह्यांतली सुमारे ५,००० गावे घेतली, त्यांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गावे वेगळी धरली. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायची रीत बसवली, गावपातळीवर समित्या नेमल्या, सूक्ष्म नियोजनातून त्या त्या गावाचा आराखडा केला, आणि गावे एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घेतली. खारपाणपट्ट्याला शेततळे का मानवते हे त्यात चांगले दिसते. इथली चिकण माती पाणी मुरू देत नाही, एरवी शाप असलेला हा गुण तळ्यात वरदान ठरतो आणि बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या अस्तराशिवाय पाणी टिकते. राज्यात इतरत्र विहिरी-बोअरचे पाणी उपसून शेततळी भरण्याचा उद्योग झाला, भूजल आणखी खाली गेले. इथे भूजल खारे असल्याने तो मोहच नाही. एकाच योजनेचा परिणाम दोन मातींत उलटा येऊ शकतो, म्हणून गावागणिक शिकण्याची जागा लागते. अर्थात याही प्रकल्पात अनुदान काम झाल्यावर, बिले चढवल्यावर खात्यात येते. आधी खर्च शेतकऱ्याचा. ज्याच्याजवळ आधी घालायला पैसा नाही, तो या लवचीक प्रकल्पाच्या दारातच थांबतो.

बुडितातल्या माणसाचे मात्र वेगळे म्हणणे आहे आणि या विषयावरच्या पुस्तकांत ते सापडत नाही. त्याला लवचीकपणा नको आहे. गाव उठणार असे ठरले की नवी कामे अडतात, पडकी भिंत बांधावी की नाही हे समजत नाही, पोरीचे लग्न ठरवताना पाहुणे विचारतात तुमचे गाव राहणार का. त्याला हवी आहे एक तारीख आणि त्या तारखेला खात्यात जमा झालेला मोबदला. पुनर्वसन हे ज्या कामात पुनःपुन्हा शिकत जाण्याची मुभा सगळ्यात कमी असावी असे काम आहे, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त ढकलाढकल तिथेच होते.

याच्या नेमके उलट टोकाला पाण्याचे वाटप आहे. वान धरणाचेच पाहा. सिंचनासाठी बांधलेल्या धरणातून पिण्याच्या पाण्याची आरक्षणे वाढत गेली, तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. गरजा बदलणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, तरी वाटपाचा कागद कायमचा असल्यासारखा लिहिला जातो आणि प्रत्येक बदल मग भांडण होऊन येतो. ठरावीक वर्षांनी सगळ्यांनी बसून तो पुन्हा लिहायचा, अशी तरतूद आधीच ठेवली असती तर भांडण टळले नसते, पण ते धरणाच्या दारात न होता टेबलावर झाले असते.

जिगावच्या लाभक्षेत्रासाठी हे मुद्दे उद्याचे आहेत. धरण, सांडवा, पुनर्वसन यांत पायऱ्या मोजूनच चढायच्या. पण उपसा योजनांचे पाणी पहिल्यांदा शिवारात येईल तेव्हा आपण कमी निचऱ्याच्या, सोडियमयुक्त मातीला गोडे पाणी देत असू, आणि ती माती सलग ओलिताला कसे वागेल हे कुठल्याही संकल्पचित्रात नाही. पाणी जास्त झाले आणि निचरा झाला नाही तर खालचे क्षार वर येतात. म्हणून पहिल्या योजनेखालच्या मोजक्या गावांत तीन-चार हंगाम आधी पाणी सोडावे, दर हंगामाअखेर मातीची क्षारता आणि विहिरींची पातळी मोजावी, निचऱ्याचे चर कुठे आणि किती खोल हवेत ते त्यावरून ठरवावे आणि मगच पुढच्या योजनेच्या वितरणाची निविदा काढावी. या मोजण्याचा, चरांचा आणि त्या पहिल्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या संभाव्य नुकसानीचा खर्च पुढच्या सुप्रमात स्वतंत्र मथळ्याखाली धरता येईल. आजच्या नमुन्यात असा मथळा नाही.